फेब्रुवारी अखेरीस रसाळ–सुमार–महिपत : हवा, पाणी आणि वाटांची अवस्था

जगबुडीकाठ (सोमवार, सकाळी ८.४०)

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवार ते रविवारी आमच्या खेड तालुक्यातले (जि. रत्नागिरी) रसाळगड, सुमारगड, महिपतगड असा सलग बेत आहे. आम्ही पाच जण. त्यात माझी पुतणी आणि तिची मैत्रीण पहिल्यांदाच डोंगरात मुक्काम करणार आहेत. शुक्रवारी जेवून दुपारी भरणे नाक्यावरून निमणीमार्गे निघायचं, संध्याकाळी रसाळवर झोलाईच्या देवळात मुक्काम. शनिवारी सकाळी आरामात आवरून सुमार आणि पुढे महिपतवर पारेश्वराच्या देवळात दुसरा मुक्काम. रविवारी दहिवलीकडे उतरायचं.

खेडात अजून पहाटे चांगला गारठा पडतो. त्यामुळे आमच्यातल्या दोघांचं म्हणणं आहे की माणशी दोन लिटर पाणी पुष्कळ झालं. मला ते पटत नाही, पण ठामपणे काही सांगताही येत नाही. या दिवसांत तिकडची हवा, पाणी, गवत, वाटा यांची काय परिस्थिती असते? नुकतंच कोणी जाऊन आलं असेल तर जरूर लिहा.

पदरवाट (सोमवार, सकाळी १०.१५)

दादा, बेत छान आहे. फक्त वेळा बदला. आणि पाण्याबाबत तुमचंच बरोबर आहे.

पहाटेच्या गारठ्यावरून दुपारचा अंदाज बांधू नका. या दिवसांत आभाळ निरभ्र असतं, हवा कोरडी असते, त्यामुळे रात्री जमीन भराभर निवते. गार हवा जड असते, ती उतारावरून घरंगळत खोऱ्यात येऊन साचते. म्हणून पहाटे पाचला नदीकाठच्या वाडीत जो गारठा असतो तो कित्येकदा वर गडावर नसतोही. खाली धुकं दाटलेलं आणि वर स्वच्छ चांदणं, असं पुष्कळदा दिसतं. पण तीच निरभ्र कोरडी हवा सूर्य वर आला की तितक्याच वेगाने तापते. घाटाच्या पायथ्याला पहाट आणि दुपार यांत पंधरा अंशांचा फरक या दिवसांत सहज पडतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. कोकणात दुपार सोसवते ती खाऱ्या वाऱ्यांमुळे. समुद्रावरून हा वारा साधारण अकराच्या सुमारास आत यायला लागतो आणि पारा रोखून धरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवस असे येतात की देशावरून पूर्वेचा वारा जोरात वाहतो आणि खाऱ्या वाऱ्याला एक-दोन वाजेपर्यंत आतच येऊ देत नाही. शिवाय ही पूर्वेची हवा घाटमाथ्यावरून खाली कोकणात उतरते. कोरडी हवा खाली येताना दाबली जाते आणि दर शंभर मीटरला सुमारे एक अंशाने तापते. म्हणजे घाटमाथ्यावर आल्हाददायक वाटणारी हवा सात-आठशे मीटर खाली आली की सात-आठ अंशांनी जास्त तापलेली असते. कड्याच्या तळाशी असलेल्या गावांना हा तडाखा सगळ्यात आधी बसतो.

भिरा आठवा. ताम्हिणीच्या पायथ्याचं गाव, समुद्रापासून काही फार लांब नाही. २८ मार्च २०१७ ला तिथे ४६.५ अंशांची नोंद झाली होती. म्हणून घाटाखालच्या भटकंतीसाठी हर्णै किंवा अलिबागचं तापमान बघून निघू नये. ती ठिकाणं समुद्राला लागून आहेत, त्यांना खारा वारा लगेच मिळतो.

आणि हे फक्त मार्चचं दुखणं नाही. २०२५ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातच हवामान खात्याने मुंबई, ठाण्यासह कोकणासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता. किनारी भागासाठी खात्याचा निकष असा आहे की कमाल तापमान ३७ अंश किंवा वर हवं आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त हवं. देशावरच्या सपाटीला हाच आकडा ४० आहे. आपल्याकडे दमट हवेत घाम वाळत नाही आणि ३७ लाच माणूस कोलमडतो, म्हणून हा फरक.

आता तुमच्या वेळा. दुपारी निमणीहून चढायला लागलात तर सूर्य पश्चिमेला आलेला असेल. कोकणाकडचे उतार पश्चिमेला तोंड करून असतात, दुपारनंतर ते सगळं ऊन अंगावर घेतात आणि कातळ तापून राहतो. त्याच उतारांवर सकाळी सावली असते. सह्याद्रीच्या मुख्य धारेच्या कड्याखाली तर नऊ-साडेनऊपर्यंत ऊन पोचत नाही. तेव्हा शुक्रवारी पहाटेच निघा, ऊन चढायच्या आत रसाळ गाठा. दिवसभर गड बघा, तोफा बघा, विश्रांती घ्या. शनिवारी उजाडताच सुमारची वाट धरा. "आरामात आवरून" हे शब्द बेतातून काढून टाका.

मोहोर (सोमवार, दुपारी १.०५)

पदरवाट यांनी वाऱ्याचं लिहिलंय त्याला जोड देतो. आम्ही रत्नागिरीकडचे बागायतदार. या दिवसांत आमचं सगळं लक्ष आभाळाकडे, कारण मोहोर आणि कैरी दोन्ही झाडावर असतात.

साडेअकरा वाजले तरी झाडाचं पान समुद्राकडच्या वाऱ्याने हललं नाही, उलट डोंगराकडून कोरडी झुळूक येतेय, तर तो दिवस भाजणार हे आम्ही धरून चालतो. डोंगरात असाल तर ही खूण तुम्हालाही उपयोगी पडेल. धारेवर उभे राहा. वारा पूर्वेकडून पाठीत लागतोय की पश्चिमेकडून तोंडावर, ते बघा. दहा-अकराला पूर्वेचा जोर असेल तर पुढचा मोठा टप्पा सुरू करू नका, सावली बघून बसा.

दुसरं, ढग. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारे ढग-पावसाचे पट्टे) येऊन गेले की कधी कधी आपल्याकडेही दोन दिवस मळभ येतं. पाऊस पडेलच असं नाही, पण हवा कोंदट होते. त्या दिवशी पारा कमी दाखवतो, तरी घाम जास्त जातो आणि चालणाऱ्याला कळत नाही. आमच्या मोहोरावर अशा हवेत भुरी येते, तुडतुडे वाढतात. तुमच्यासाठी मुद्दा एवढाच की ढगाळ दिवस म्हणजे कमी पाण्याचा दिवस नव्हे.

निघण्याआधी 'मौसम' ॲपवर जिल्ह्याचा इशारा बघा. अवकाळीची शक्यता असेल तर 'दामिनी'ही फोनमध्ये ठेवा, विजेची सूचना त्यावर येते. वर रेंज मिळेल न मिळेल, म्हणून खालूनच बघून निघायचं.

ऐनाची सावली (सोमवार, रात्री ९.२०)

हवेचं झालं, आता पायाखालचं लिहिते. माझ्या मते या दिवसांतले निम्मे अपघात उन्हाने नाही, वाळलेल्या गवताने होतात.

पावसाळ्यात कमरेइतकं वाढलेलं गवत आता वाळून आडवं झालेलं असतं. बहुतेक काड्या उताराच्या दिशेने झोपलेल्या असतात. त्यांवर बूट ठेवला की तो खाली सरकतोच. पहाटे दव असतं तेव्हा तर जास्तच. सुमारगडाच्या आडव्या वाटेवर हे गवत आणि त्याखाली घसारा (सुटी माती-खडी), असं दोन्ही एकत्र आहे. वाट एका पावलाची, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. तिथे पाऊल आडवं ठेवायचं, बुटाची कड रोवायची, शरीर डोंगराकडे झुकवायचं नाही. झुकलं की पाय बाहेरच्या बाजूला निसटतो. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं, म्हणून खालच्या सोप्या उतारावर दहा मिनिटं सराव करून घ्या. पुतणीला आणि मैत्रिणीला मध्ये ठेवा, पुढे-मागे जाणते माणूस. पन्नासेक फुटी दोर बरोबर असू द्या. लागेलच असं नाही, पण लागला तर दुसरा इलाज नसतो.

गवत उपटेल म्हणून त्याला धरू नका, हे सगळे सांगतात. कारवीचंही तेच. वरून जाडजूड दिसते, पण वाळलेली कारवी मुळापासून हातात येते. धरायचीच तर बुडाशी, दोन-तीन दांडे एकत्र मुठीत घेऊन, आणि तेही फक्त तोल सावरायला. सगळं वजन टाकायला नाही.

पानगळीचा त्रास वेगळा. साग, ऐन, किंजळ यांची पानं रानातल्या वाटेवर घोटाभर साचतात. खाली दगड आहे की खड्डा ते दिसत नाही, आणि उतारावर पानांचा थरच्या थर पायाखालून निघतो. काठीने चाचपत चाला. काठी आणखी एका कारणासाठी हवी. पाचोळ्यात, दगडांच्या बेचक्यांत फुरसं हा विषारी साप असतो. एवढासा, रंग मातीत मिसळलेला, आणि पटकन बाजूला होत नाही. बसण्याआधी दगड काठीने ठोकायचा, हात टेकण्याआधी बघायचं.

पानगळीमुळे आणखी एक होतं, ते फारसं कोणी लक्षात घेत नाही. डिसेंबरात ज्या रानात गर्द सावली होती तिथे फेब्रुवारी अखेरीस डोक्यावर नुसत्या फांद्या. जुने वृत्तांत वाचून "रसाळ ते सुमार सगळी वाट जंगलातून" असं समजून जाल, आणि जंगल असेल पण सावली नसेल. सदाहरित झाडं ओढ्याच्या घळीत सापडतात, जांभूळ, अंजनी, आंबा. दुपारची विश्रांती अशा घळीत किंवा देवराईत घ्यायची, हे आधीच ठरवून ठेवा.

सडेवाट (मंगळवार, सकाळी ७.५०)

एवढं घाबरवू नका हो त्यांना. फेब्रुवारी हा भटकंतीचा उत्तम महिना आहे. पाऊस नाही, जळवा नाहीत, वाटा मोकळ्या. ऊन टाळायचंच असेल तर सरळ रात्री चाला. चांदण्यात सुमारपर्यंत गार हवेत जाता येईल, पाणीही कमी लागेल.

पदरवाट (मंगळवार, सकाळी ९.३०)

महिना उत्तम आहे याबद्दल वाद नाही. पळस, पांगारा, काटेसावर फुललेली बघायची तर हेच दिवस. पण रात्री चालण्याला माझा साफ विरोध, आणि या मार्गावर तर नक्कीच. गाडीरस्त्याने रायगडाच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन चांदण्यात चढणं वेगळं. इथे ढोरवाटा इतक्या फुटतात की दिवसा धनगरवाड्यावर विचारत जावं लागतं. रात्री कोणाला विचारणार? गवे रात्रीच चरायला बाहेर पडतात, आणि अंधारात अचानक समोर आलेला माणूस त्यांना आवडत नाही. आणि ताईंनी लिहिलेली ती एका पावलाची आडवी वाट डोक्यावरच्या टॉर्चच्या उजेडात नवख्या मुलींना घेऊन करायची, हे मी कोणालाच सुचवणार नाही. उजाडण्याआधी अर्धा तास निघणं पुरे. दिवस सात वाजता उगवतो, साडेदहापर्यंत साडेतीन तास चांगले मिळतात.

जगबुडीकाठ (मंगळवार, दुपारी १२.१०)

सगळ्यांचे मनापासून आभार. शुक्रवारी पहाटे निघायचं नक्की केलं. आता पाण्याबद्दल सांगा. गडांवर टाकी आहेत असं वाचलंय. मधल्या ओढ्यांना असतं का?

कोंडीचा झरा (मंगळवार, सायंकाळी ६.४५)

गडावर टाकं आहे आणि गडावर प्यायचं पाणी आहे, या दोन वेगळ्या गोष्टी धरा. काही टाकी फेब्रुवारीतच शेवाळतात, काहींत गुरं उतरतात, काही कोरडी पडतात. कोणतं टाकं गावकरी पितात ते रसाळच्या वाडीत विचारा, ते नेमकं सांगतील. विचारल्याशिवाय पुढच्या टप्प्याचं पाणी धरू नका. भरताना कपड्याने गाळा आणि शक्य असेल तिथे उकळून घ्या.

ओढ्यांचं असं की वरून बघितलं तर नुसते धोंडे दिसतात. पाणी धोंड्यांखालून वाहत असतं आणि खाली कुठे तरी डोहात वर येतं. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर रचून झालेला आहे. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबडा, मातकट पट्टा असतो. त्यातून पाणी खाली झिरपत नाही, ते आडवं वाहत कड्याच्या पोटातून बाहेर येतं. म्हणून कित्येक टाकी आणि झरे त्या पट्ट्याच्या उंचीवरच सापडतात, आणि वरचे ओढे आटले तरी असे झरे जास्त दिवस टिकतात. डोंगर लांबून बघताना हा तांबडा पट्टा आणि त्यालगतची हिरवी झाडी ओळखायला शिका, फार उपयोगी पडतं. तरी त्या भरवशावर बाटल्या रिकाम्या करून चालू नका. ती अडचणीतली खूण आहे, बेतातली नव्हे.

माणशी चार ते पाच लिटर घेऊन निघायचं. चार-पाच किलोंचं ओझं वाटेल, पण दोन तासांत कमी होतं. रसाळ ते सुमार हा टप्पा सगळ्यात जास्त पाणी खातो. नुसतं पाणी पीत राहिलात तर मीठ कमी पडून गळाठा येतो, म्हणून बरोबर जलसंजीवनीची पाकिटं ठेवा. पाकीट एक लिटरला एक, जास्त घट्ट करायचं नाही. पाकीट नसेल तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आमसुलं आणि गूळ खिशात असू द्या, तोंडाला कोरड पडली की बरं वाटतं.

तेरेखोल (मंगळवार, रात्री १०.३०)

मी सिंधुदुर्गात आरोग्याच्या कामात आहे. तीन गोष्टी सांगायच्या आहेत, त्यांतली पहिली सगळ्यात महत्त्वाची.

बरोबरचा कोणी अचानक चिडचिडा झाला, अडखळत बोलू लागला, विचारलेल्याला भलतंच उत्तर देऊ लागला, तर तो थकलाय असं समजून पुढे नेऊ नका. उष्माघाताची ती सुरुवात असू शकते. घाम येत असला तरीही. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, मान, काखा, जांघा ओल्या फडक्याने पुसत राहा, वारा घाला. प्यायचं पाणी त्यासाठी खर्च झालं तरी चालेल. पूर्ण शुद्धीत असेल तरच तोंडाने पाणी द्या. १०८ ला फोन लावा आणि खाली आणायची तयारी करा.

दुसरी गोष्ट गोचिडांची. दक्षिणेकडे, म्हणजे दोडामार्ग, सावंतवाडी, बांद्याच्या रानात जाणाऱ्यांसाठी खास. दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली होती. रानातल्या गोचिडांच्या चावण्याने तो होतो आणि त्याचा हंगाम हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत असतो, म्हणजे नेमका भटकंतीचा. लांब बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, पाचोळ्यावर थेट बसायचं नाही, परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि अंग नीट तपासणं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, गावात किंवा आरोग्य केंद्रात कळवा. परतल्यावर आठवडाभरात जोराचा ताप आणि डोकं-अंग दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना "रानात गेलो होतो" हे सांगाच.

तिसरी खाजकुयली. शेंगा या दिवसांत वाळतात आणि कुसं वाऱ्यानेही उडतात. लागली तर चोळायचं नाही, खाजवायचं नाही, पाण्याने लगेच धुवायचंही नाही. आधी चिकटपट्टी लावून कुसं ओढून काढा, मग धुवा. चिकटपट्टी प्रथमोपचारात ठेवा.

ऐनाची सावली (बुधवार, सकाळी ८.०५)

वणव्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. या दिवसांत गवताला आगी लागतात, काही लावल्या जातात, काही राबाच्या भाजणीतून (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात त्यातून) रानात पसरतात. आग चढावर माणसाच्या पळण्यापेक्षा वेगाने जाते, म्हणून खालून धूर येताना दिसला तर वर पळत सुटू नका. आडवं निघा, कातळावर, ओढ्याच्या धोंड्यांत किंवा आधीच जळून गेलेल्या पट्ट्यात जा. कालच जळलेल्या उतारावर चालावं लागलं तर जपून. गवताने धरून ठेवलेले दगड आता सुटे झालेले असतात, आणि कारवीचे जळके खुंट बुटातून घुसतात. वाटही पुसली जाते. आणि तुमच्याकडून एकही ठिणगी पडू देऊ नका. चूल फक्त देवळाजवळच्या नेहमीच्या जागी, भोवतीचा पाचोळा झाडून, आणि निघताना पाणी ओतून हात लावून बघायचं.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात. धूर, अत्तर, आरडाओरडा, दगड मारणं, सगळं बंद. पोळं दिसलं तर गप्प राहून वळसा घाला. माश्या उठल्याच तर डोकं-तोंड झाकून तिथून लांब पळा. हात झटकत उभं राहायचं नाही.

खोंडा (बुधवार, दुपारी ३.३०)

धागा वाचतोय. मला वासोट्याला कोकणातून, चोरवण्याहून नागेश्वरमार्गे जायचंय. त्यालाही हेच लागू का?

पदरवाट (बुधवार, रात्री ८.५०)

हवा-पाणी-गवताचं सगळं लागू. पण ते कोयना अभयारण्य आहे आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय पाऊल ठेवू नका. वासोट्यावर मुक्काम करता येत नाही, त्यामुळे एका दिवसात चढून उतरण्याइतके पाय तयार हवेत. महाशिवरात्रीला नागेश्वराला जाणारी गर्दी बघून वाट सोपी समजू नका. एरवी ती सुनसान असते.

नाळेतून, म्हणजे कड्यातल्या अरुंद, धोंड्यांच्या घळीतून, चढणार असाल, वासोट्याला नव्हे, इतर कुठेही, तर एक सांगतो. नाळेत सावली उशिरापर्यंत टिकते हे खरं, पण दगड सुटे असतात आणि वरच्या माणसाच्या पायाने येतात. वानरांची टोळी वर असेल तरी येतात. एकाखाली एक उभं राहायचं नाही, हेल्मेट घालायचं, दगड सुटला की "दगड!" म्हणून ओरडायचं. उताराला दुपारी नाळ धरली तर तळाला पोचेपर्यंत भट्टी झालेली असते.

जगबुडीकाठ (गुरुवार, सकाळी ९.००)

बेत बदलला तो असा. शुक्रवारी पहाटे साडेपाचला खेडातून निघून उजाडता निमणी, दहापर्यंत रसाळ. शनिवारी साडेसहाला सुमारकडे, पाणी माणशी पाच लिटर, रसाळच्या वाडीतून वाटाड्या घेणार. अकरा वाजले आणि सुमार झाला नसेल तर तो सोडून सावलीला थांबणार आणि चारनंतर महिपतकडे. मुलींना लांब बाह्यांचे कपडे आणि काठ्या. गडांची नावं, वेळा आणि सगळ्यांचे फोन भावाकडे लिहून ठेवतोय. रविवारी दुपारी एकपर्यंत दहिवलीहून फोन आला नाही तर काय करायचं तेही सांगून ठेवलंय. काही राहिलं का?

कोंडीचा झरा (गुरुवार, सकाळी १०.४०)

चांगलं झालं. दोनच गोष्टी. चारनंतर महिपतकडे निघालात तर पावणेसातला सूर्य मावळतो, म्हणजे हातात पावणेतीन तास. वाटाड्याला आधी विचारून घ्या की तेवढ्यात तुमच्या चालीने होईल का. नसेल तर धनगरवाड्यावर राहायचं बोलून ठेवा. आणि या दिवसांत हवा धुरकट असते, पलीकडची धार दिसतही नाही. समोरचा डोंगर बघून सोंड (उतरत जाणारी धार) ओळखू असं ठरवू नका, वाटाड्या महिपतपर्यंत बरोबरच राहू दे.

मोहोर (गुरुवार, सकाळी ११.२५)

वाटाड्याशी आजच फोनवर बोलून घ्या. शिमगा जवळ आला की पोरं होळीचं लाकूड आणायला, पालखीच्या तयारीला लागतात, ऐनवेळी कोणी मिळत नाही. त्याची मजुरी आधी ठरवा आणि त्याच्या परतीच्या गाडीचे पैसे वेगळे द्या, दहिवलीहून रसाळच्या वाडीला परत जायला त्याला बराच वळसा पडतो.